लॉनच्या फवारणी पंपाबाबत या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तणनाशकाला आणि बाकी औषधांना एकच पंप वापरणे. २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर चालते, बहुतेक गवतांना इजा करत नाही. पण नळीत किंवा गाळणीत त्याचा अंश राहिला आणि त्याच पंपाने टोमॅटोवर बुरशीनाशक मारले, तर शेंडे पिळवटतात, पाने वेडीवाकडी होतात. मग रोग समजून आणखी औषध मारले जाते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहा.

धुतानाही चूक होते ती नुसती टाकी विसळण्याची. थोडे स्वच्छ पाणी घ्या, हलवा, हवा भरा आणि ते नळी, लान्स (फवारणीची दांडी), नोझलमधून बाहेर काढा. असे तीन वेळा. नोझल आणि गाळण्या सोडवून वेगळ्या धुवा. धुतलेले पाणी गटारात न ओतता लेबलवर मुभा असलेल्या जागीच फवारा.

तणनाशकाला फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणारे) नोझल लावा. होलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणाऱ्या) नोझलचे बारीक थेंब कीटकनाशकाला चांगले, पण तणनाशक असेल तर ते वाऱ्याबरोबर शेजारच्या फुलझाडांवर जातात. दाब १ ते २ बार पुरतो. चोंदलेल्या नोझलमध्ये टाचणी घालू नका, भोक मोठे होते आणि मात्रा बिघडते. जुना मऊ टूथब्रश वापरा. तोंडाने तर कधीच फुंकू नका.

औषध अंदाजाने ओतू नका. आधी साधे पाणी भरून नेहमीच्या चालीने २० चौरस मीटर फवारा. १ लिटर लागले, तर १०० चौरस मीटरला ५ लिटर पाणी लागेल. लेबलवरची १०० चौरस मीटरची मात्रा त्या ५ लिटरमध्ये मिसळा. टाकी अर्धी भरल्यावर औषध घाला, मग उरलेले पाणी. भुकटी मात्र आधी बादलीत कालवून, गाळून घ्या.

दाब धरत नसेल तर लगेच नवा पंप आणू नका. बहुधा दट्ट्याचा वायसर सुकलेला किंवा झाकणाची रिंग चिरलेली असते. टाकीतला दाब पूर्ण सोडा, हातमोजे घालून पंप उघडा, रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. चीर असेल तर बदला. तेलकट औषधे वापरत असाल तर व्हायटॉन रबराच्या रिंगा घ्या, ईपीडीएम रबराच्या फुगतात.