वळवाचा इशारा आला की गोठ्यातली दावी आधी बघा

हवामान खात्याचा इशारा दुपारी मोबाईलवर येतो. पिवळा किंवा नारंगी, मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ वाचलं की निम्मे लोक फोन खिशात टाकतात. टाकू नका. मे महिन्यातला वळीव तुरळकच पडतो, एका शिवारात धो धो आणि शेजारच्या शिवारात नुसती धूळ. ते तुरळक ठिकाण तुमचं निघालं तर तयारीला तासभरही मिळत नाही.

आणि आपल्याच तालुक्याचा इशारा बघून थांबू नका. ओढ्याला येणारं पाणी वरच्या अंगाला पडलेलं असतं. आमच्या कऱ्हा नदीच्या काठी पुरंदरच्या डोंगराकडे आभाळ काळं झालं की खाली बारामतीकडच्यांनी उठायला हवं, इथे ऊन असलं तरी. दोन महिने तापून कडक झालेली जमीन पहिल्या सरीचं पाणी पीत नाही. नांगरट झालेल्या रानात थोडं मुरतं, माळावरचं सगळं ओढ्यात येतं. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. एरवी मुंबईत तो ११ जूनच्या आसपास येतो. त्याच दिवसांत बारामती-इंदापूर भागात रानं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या, नीरा डावा कालवा फुटला. ‘मे महिन्यात कुठला पूर’ हे वाक्य आता कुणी बोलू नये.

आता तयारी. बॅटरी, काडेपेटी, औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोन चार्ज. हे सगळ्यांना माहीत आहे, करा आणि पुढे चला.

गोठ्यात जा. प्रत्येक जनावराच्या दाव्याची गाठ हाताने सोडून बघा. नुसती नजर टाकून परत फिरू नका, सोडून बघा. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे धान्य माळ्यावर गेलं होतं, मोटर वर काढली होती, कांदा झाकला होता, दावी कुणी बघितली नव्हती. ओढ्याचं पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा गाठी सुटेनात. एक कालवड गेली.

ओली गाठ सुटत नाही, ही गोष्ट कोरड्या दिवसात कुणाच्या डोक्यात येत नाही. सुताचं किंवा अंबाडीचं दावं भिजलं की फुगतं आणि गाठ आतल्या आत आवळते. नायलॉनचं फुगत नाही, पण घाबरलेलं जनावर मागे ओढ घेतं आणि तीच गाठ दगडासारखी होते. वर अंधार, गुडघ्याएवढं पाणी, बोटं गारठलेली, समोर मान झटकणारी म्हैस. अशा वेळी नखाने गाठ उकलत बसायला कुणाला जमतं? म्हणून इशारा आला की खुंट्याची गाठ बदला, सरकफास, म्हणजे टोक ओढताच सुटणारी गाठ, घाला. दावं खुंट्याभोवती फिरवून घ्या, मोकळ्या टोकाचा दुहेरी पदर करून तो फासातून ओढा आणि टोक वीतभर लोंबतं ठेवा. टोकाला एक हिसका दिला की दावं मोकळं झालं पाहिजे. टोक जनावराच्या तोंडापासून लांब ठेवा, नाहीतर ते चघळून स्वतःच सुटतं. गाठ बांधून झाली की डोळे मिटून सोडून बघा, घरातल्या बाईमाणसांकडून आणि मोठ्या पोरांकडूनही सोडवून घ्या. रात्री गोठ्याजवळ कोण असेल ते आधी ठरत नसतं.

साखळी असेल तर तिची कडी बघा. गंजलेल्या कडीला तेल सोडा, उघडत नसेल तर आजच बदला. आणि गोठ्याच्या दारात, हात पोचेल अशा खिळ्याला एक धारदार विळा अडकवा. तो विळा गवत कापायला न्यायचा नाही, जागचा हलवायचा नाही. सगळं फसलं तर दावं कापायचं आहे. दाव्याची किंमत बघू नका.

दावं सुटल्यावर जनावर जाणार कुठे, तेही आज ठरवा. नुसतं सोडलेलं जनावर पाण्यातून फिरून परत गोठ्यातच येतं, त्याला तीच जागा ओळखीची असते. माळावरची उंच, मोकळी जागा निवडा आणि दिवसाउजेडी जनावरं एकदा तिथवर नेऊन आणा. कळपातली म्होरकी गाय किंवा म्हैस आधी न्या, बाकीची मागून येतात. कुणी सोडायचं, कुणी पुढे चालायचं, हे नावानिशी सांगून ठेवा. शेळ्या-करडं संध्याकाळीच वर हलवा, कोंबड्यांचं खुराडंही.

उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रात करंजाखाली गार सावली असते, म्हणून पुष्कळ जण जनावरं तिथेच बांधून घरी जेवायला येतात. इशाऱ्याच्या दिवशी हे अजिबात करू नका. कोरड्या पात्रात पाणी येतं ते हळूहळू वाढत नाही, पालापाचोळा आणि काटक्या ढकलत एकदमच येतं. तिथे बांधलेल्या जनावरापर्यंत तुम्ही पोचणार नाही, आणि पोचायला जाऊही नका.

विजेचं वेगळं सांगतो, कारण वळवात पुरापेक्षा वीज आधी येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. खात्याचे पुढच्या तीन तासांचे इशारे येतात तेही बघत राहा, सकाळचा अंदाज वाचून संध्याकाळपर्यंत विसंबू नका. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. एकट्या झाडाखाली माणूसही नको, जनावरही नको. झाडाला बांधलेली बैलजोडी एका विजेत जाते, कारण झाडावर पडलेली वीज मुळाशी जमिनीत पसरते आणि चार पायांच्या जनावराला जमिनीतून जास्त झटका बसतो. तारेच्या कुंपणालाही जनावर बांधू नका. पुन्हा दाव्यापाशीच आलो. जनावर कुठे बांधलंय आणि कसं बांधलंय, वळवात दोन्ही बघावं लागतं.

वाऱ्याचं. पत्र्यावर ठेवलेले दगड उतरवा. वाऱ्याने पत्रा उचलला की तेच दगड खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात, आपल्याकडे दर उन्हाळ्यात अशी माणसं जातात. पत्रे आकड्यांनी आणि तारेने आवळा. गोठ्याचा पत्रा हलका असतो, तो विसरू नका. कडब्याची गंज ओढ्याकाठी असेल तर आता हलणार नाही, निदान जाड दोरीने बांधा. कांद्याच्या वखारीची ताडपत्री वाऱ्याच्या अंगाला नीट दाबा आणि पाणी वाहून जायला बाजूने चर मारा. ताडपत्री घट्ट बांधून आत वाफ धरली तरी कांदा सडतो, पाऊस थांबला की लगेच उघडा.

ओढ्यावरची किंवा नदीवरची मोटर दुपारीच वर काढा, फ्यूज काढून ठेवा. रात्री मोटर काढायला उतरू नका. पाण्यात उतरलेला करंट दिसत नाही आणि मोटर परत घेता येते. यावर घरात कुणी वाद घालत असेल तर स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून किल्ली तुमच्याकडे ठेवा.

संध्याकाळी झोपण्याआधी दावी पुन्हा बघा. दूध काढताना कुणीतरी सवयीने जुनी गाठ मारलेली असते. विळा जागेवर आहे का ते हात लावून बघा.

प्रत्यक्ष पाणी आलं की आधी माणसं, मग जनावरं, बाकी काही नाही. पाण्याला वास आणि आवाज असतो, ओढा घुमायला लागला की वाट बघू नका. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर दुचाकी, ट्रॅक्टर काहीच घालू नका, खालची फरशी आहे की गेली ते वरून कळत नाही. अडकलात तर ११२, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७. वायर तुटली असेल तर लांबून १९१२ ला कळवा. पाणी आणखी वाढत असताना एका शेळीसाठी परत आत जाऊ नका. सरकफास असला तर परत जायची वेळच येत नाही.

नंतरचं थोडक्यात. विहिरीचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. भिजलेली पेंड घालू नका, बुरशी येते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच द्यायची असते, राहिली असेल तर पशुवैद्यकाला लगेच विचारा. जनावर दगावलं तर पुरू नका, आधी फोटो, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन, तलाठ्याकडून पंचनामा. केंद्राच्या २०२२ च्या निकषात दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये मदत होती, पण कागद नसेल तर काही मिळत नाही. बिल्ला मारलेला नसेल तर या आठवड्यात मारून घ्या.

आणि भिजलेली दावी उन्हात वाळवून मगच परत वापरा. कुजलेलं, धागे सुटलेलं दावं फेकून द्या आणि नव्या दाव्याला पहिल्या दिवसापासून सरकफासच घाला. मान्सून येईपर्यंत वळीव येत राहील.