गॉस्पेल गाणं क्वायरमध्ये बसवताना: काय पक्कं करायचं, काय उघडं ठेवायचं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये गॉस्पेल गाणं प्रार्थना, साक्ष आणि प्रवचन यांच्या बरोबरीनं उपासनेचं काम करतं. देवानं काय केलं ते गाणाऱ्यानं मंडळीसमोर सांगायचं, ऐकणाऱ्यानं ‘आमेन’ म्हणून ते आपलंसं करायचं, आणि मध्येच पवित्र आत्मा हालचाल करू लागला तर वाट मोकळी ठेवायची. तीच तीच ओळ परत म्हणणं, हाक आणि प्रतिसाद, चढत जाणारी पट्टी, हे सगळं यासाठीच घडलं आहे. म्हणून सूर पक्के करताना बाकीचंही सगळं मोजून-मापून बांधलं, तर गाणं बिनचूक होतं पण त्यातली उपासना हरवते.

क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, पहिल्या तालमीत वाद्यं नकोत. अर्धा तास नुसते शब्द वाचा. आधी गाणं कोणत्या काळातलं आहे ते पाहा. स्पिरिच्युअल्स, म्हणजे कृष्णवर्णीय गुलामांची भक्तिगीतं, गुलामगिरीच्या काळातली, कर्ते अज्ञात, मुळात वाद्यांशिवाय गायलेली. त्यांत मिसर, यार्देन आणि कनान येतात तेव्हा इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटून कनानकडे निघाल्याची बायबलमधली निर्गमाची गोष्ट गाणाऱ्यांची स्वतःची झालेली असते. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की त्यांच्या गाण्यातला कनान म्हणजे उत्तरेकडचा मुक्त प्रदेश होता. गॉस्पेल मात्र विसाव्या शतकातलं, शहरातलं, आणि बहुतेक वेळा कर्ता माहीत असलेलं. शिकागोच्या थॉमस डॉर्सी यांचं ‘टेक माय हॅन्ड, प्रेशस लॉर्ड’ १९३२ सालचं. बाळंतपणात पत्नी गेली, पाठोपाठ बाळ गेलं, त्यानंतर काही दिवसांत ते लिहिलं गेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६८ च्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी ते गायलं. डॉर्सी आधी ब्लूजचे पियानोवादक होते, त्यामुळे त्यांची गाणी सुरुवातीला कित्येक प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चनीच नाकारली. हे क्वायरला सांगा, म्हणजे ‘चर्चमध्ये असं गातात का?’ ही शंका तिथंही होती हे कळेल.

मग कडव्यांवर खुणा करा. संकट कुठं सांगितलंय, सुटका कुठं, आभार कुठं? बहुतेक गाण्यांत ‘मी’ बोलतो, पण तो ‘मी’ सगळ्या मंडळीचा असतो. नवख्या क्वायरची हमखास चूक म्हणजे पहिल्या ओळीपासून हसतमुख, मोठ्यानं गाणं. संकटाचं कडवं खालच्या पट्टीत, खालच्या आवाजात, सावकाश आलं नाही, तर शेवटच्या आनंदाला आधारच राहत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं याच वळणानं जातात. त्यांतलं एखादं तालमीआधी वाचलं तर समजावून सांगायचं अर्धं काम होतं.

सूर कागदावरून शिकवू नका. ही परंपरा कानावर चालते. डोळे कागदात अडकले की क्वायर संचालकाचे हात पाहू शकत नाही. बहुतेक गॉस्पेल क्वायरमध्ये तीनच आवाज असतात: सोप्रानो (बायकांचा वरचा), आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा वरचा). पुरुष सगळे टेनर गातात, खालचा स्वर बास गिटार सांभाळते. चार-चार मात्रांचे तुकडे करा. सोप्रानोला तुकडा दोनदा गाऊन दाखवा, तीनदा म्हणून घ्या, मग आल्टो, मग टेनर, मग तिघं एकत्र. पुढचा तुकडा त्यानंतरच. स्वर जवळजवळ ठेवा. पांढरी एक सा धरली तर टेनर मंद्र प, आल्टो सा, सोप्रानो ग. पुढच्या चढावर प्रत्येकानं वरच्या शेजाऱ्याचा स्वर घ्यायचा: टेनर सा, आल्टो ग, सोप्रानो प. आणखी एक पायरी चढली की टेनर ग, आल्टो प, सोप्रानो तार सा. शब्द तेच, पण जोर दुप्पट होतो. वर पट्टीही चढवायची असेल तर पांढरी एकवरून काळी एक, मग पांढरी दोन, इतकंच. त्यापुढे टेनर ओरडू लागतात आणि स्वर उतरतो. गॉस्पेलमधला खरखरीत आवाज अनुभवी गायक पोटातून, श्वासाच्या आधारावर काढतात. नवख्यानं तो घशातून काढला तर दोन तालमींत आवाज बसतो. क्वायरनं मोकळ्या, बोलण्याच्या आवाजात गावं, खरखर एकट्या गायकावर सोडावी.

ठेक्याला मात्र जास्त वेळ द्या. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. भजनाची सवय असलेला हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर जातो, आणि मग सगळं गाणं कवायतीसारखं वाजतं. उपाय असा: पहिल्या मात्रेला उजवीकडे पाऊल, दुसरीला टाळी, तिसरीला डावीकडे पाऊल, चौथीला टाळी. गाणं न म्हणता पाच मिनिटं एवढंच करा. गाण्याची लय मिनिटाला १०० असेल तर मेट्रोनोम ५० वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा समजा. लय पळते ती जवळजवळ नेहमी टाळीमुळे, आवाजामुळे नाही. संथ गाण्यांत प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग पडतात. तिथं टाळी नको, नुसतं डोलणं पुरे.

आता गाण्याचा मुख्य भाग, व्हॅम्प. शेवटची एक छोटी ओळ क्वायर परत परत म्हणतो आणि मुख्य गायक तिच्यावर स्वतःचं बोलतो: ऋण, आजार, भाकरी, कालची रात्र. साक्ष इथं दिली जाते. किती वेळा म्हणायचं ते आधी ठरवू नका, फक्त खुणा ठरवा. बोट गोल फिरवलं की पुन्हा, डोक्यावर हात ठेवला की पहिल्यापासून, मूठ वर केली की थांबा, बोटांनी आकडा दाखवला की त्या क्रमांकाची ओळ. खुणा जागोजागी निराळ्या असतात, आपल्या क्वायरच्या एकाच असाव्यात. तालमीत हा भाग मुद्दाम लांबवा: दोनदा सगळी वाद्यं, मग वाद्यं बंद आणि फक्त टाळ्या, मग टेनर एकटे, आल्टो मिळाले, सोप्रानो मिळाल्या, ड्रम परत. मुख्य गायकानं आधी पाठ केलेल्या हरकती इथं म्हटल्या तर मंडळीला लगेच कळतं. त्याला तीन खरी वाक्यं घेऊन उभं राहायला सांगा, बाकी तिथं सुचेल. क्वायरमधल्यांनीही ‘हो’, ‘आमेन’, ‘सांगा’ असा प्रतिसाद द्यायला शिकावं. मुक्यानं ऐकणाऱ्या मंडळीसमोर साक्ष एकाकी पडते.

ऑर्गन या सगळ्यात बोलणाऱ्याला उत्तर देतो. हॅमंड ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी तो घेतला, आणि लेस्ली स्पीकरच्या फिरत्या भोंग्याबरोबर तो गॉस्पेलचा आवाज झाला. साध्या कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावा. ड्रॉबार (आवाजाचा रंग बदलायच्या ओढत्या पट्ट्या) असतील तर संथ गाण्याला पहिले तीन पूर्ण ओढा, कळसाला नऊही. स्पीकरच्या फिरण्याचा परिणाम प्रार्थनेखाली मंद, व्हॅम्पच्या चढावर वेगवान. वाक्य चालू असताना वाजवणारा थांबेल, वाक्य संपताच बोलेल. गायकावर सतत स्वर पसरून ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

गाण्याआधी दोन मिनिटं जुन्या पद्धतीचं स्तोत्र घेता आलं तर फार चांगलं. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं बेकायदा होतं. त्यामुळे पुढारी एक ओळ भराभर सांगे आणि मंडळी तीच ओळ अतिशय संथ, लांबवून, प्रत्येक जण आपल्या वळणानं गाई. इथं सगळ्यांना एका मापात आणू नका. आवाज एकमेकांवर रेललेले असतात, तेच त्याचं रूप. शेवटी शब्द सोडून नुसतं कण्हत-गुणगुणत राहतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात शब्दांपलीकडच्या कण्हण्याविषयी जे आलं आहे, त्याचाच हा आवाज मानला जातो.

गाणं तापलं की काही चर्चमध्ये लोक नाचतात, रडतात, कोसळतात, आणि पांढऱ्या गणवेशातल्या सेविका त्यांना सांभाळतात. हे सगळीकडे होत नाही. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप डॅनियल पेन यांनी असल्या फेर धरून केलेल्या नाचाला कडाडून विरोध केला होता. दुसरीकडे, १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय पाळकांच्या सभांतून पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ पसरली आणि तिच्या चर्चनी ड्रम, डफ आणि नाच उपासनेत घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तसंच आत्मिक जागरण झालं होतं, आणि पेंटेकॉस्टल इतिहासात दोन्हींचं नाव घेतलं जातं. आपल्या क्वायरनं मात्र यातलं काही बसवू नये. ठरवून केलेला उन्माद ही नक्कल होते, आणि ज्यांच्यासाठी ती पवित्र आत्म्याशी खरी भेट आहे त्यांचा अपमान. कोणाला खरंच भरून आलं तर शेजारच्यानं हात धरावा, व्हॅम्प मंद करावा, माइकची वायर पायातून काढावी.

कार्यक्रमात चार मिनिटांच्या गाण्याला किमान दहा मिनिटं मागून घ्या. गाणं संपल्यावर संचालकानं पुन्हा बोट फिरवलं तर व्हॅम्प परत सुरू होतो, हे माइक सांभाळणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर तो आवाज उतरवून मोकळा होतो. पाळक लगेच प्रार्थनेला उभे राहणार असतील तर ऑर्गनवाल्यानं त्याच पट्टीत म आणि सा यांच्या कॉर्डवर हळू वाजवत राहावं, आणि निवेदकानं त्या वेळात पुढचं नाव पुकारू नये.