सांध्यावर हरवलेले सहा महिने

ग्राफीनला (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराला) बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना निषिद्ध असलेला ऊर्जेचा पट्टा, नसल्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही आणि म्हणून सगळे मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या 0.65 नॅनोमीटर जाडीच्या थराकडे वळले, हे या विषयात येणाऱ्यांना ठाऊक असतेच. मला सांगायचे आहे ते कॉन्टॅक्टविषयी, म्हणजे धातूची तार थराला जिथे जोडते त्या सांध्याविषयी, कारण माझे सहा महिने तिथेच गेले.

मी सोर्स आणि ड्रेन, म्हणजे प्रवाह आत आणि बाहेर नेणारी टोके, या दोनच टोकांमधून मोजमाप करत होतो. तापमान उतरवले तसा प्रवाह घटला, प्रवाहाचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडल्यावर सरळ रेष आली आणि इलेक्ट्रॉन दोषांवरून उड्या मारत जातात, असा निष्कर्ष मी मोठ्या आनंदाने लिहून टाकला. प्रत्यक्षात ती रेष चॅनेलची, म्हणजे दोन टोकांमधल्या थराची, नव्हतीच; धातू आणि थर यांच्या सांध्यावरील शॉटकी बॅरियरची, म्हणजे इलेक्ट्रॉनांना ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या बांधाची, होती. दोन टोकांच्या मोजमापात चॅनेलचा आणि कॉन्टॅक्टचा रोध एकत्रच येतो, शिवाय कॉन्टॅक्टचा रोध गेट (प्रवाह चालू-बंद करणारे टोक) व्होल्टेजबरोबर बदलत असल्याने एक ठरावीक आकडा वजा करून सुटका होत नाही. खूण डोळ्यांसमोर होती: 100 केल्विनच्या आसपास ड्रेन व्होल्टेजसमोर मांडलेला प्रवाहाचा आलेख शून्यापाशी चपटा झाला होता, आणि मी तो ‘नॉइज’ म्हणून बाजूला सारला होता. पुढच्या नमुन्यात व्होल्टेज मोजणारी दोन टोके आत घेऊन कॉन्टॅक्टचा रोध बाहेर ठेवला, तेव्हा तापमान उतरताना मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचे माप) वाढली. फोनॉनचा, म्हणजे अणूंच्या कंपनांचा, अडथळा ओसरल्यावर वाढावी तशीच.

भलेभलेही मोबिलिटीच्या आकड्यात अडकतात. 2011 साली एकाच थरासाठी सुमारे 200 चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद अशी मोबिलिटी प्रसिद्ध झाली. दोन गेटमधील कपॅसिटिव्ह कपलिंग न धरल्याने ती फुगली असल्याचा आक्षेप 2013 मध्ये छापून आला.

सीनियरने दिलेली तयार स्क्रिप्ट चालवून मोबिलिटी काढणे मला आजही आळशीपणाच वाटतो. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा ते कच्चा डेटा उघडून पाहतात का, हे विचारावे. चिकटपट्टीने थर सोलताना सुरुवातीचे आठवडे कोरडे जातात. त्याने खचू नये, हात बसतो. मात्र थर लहान आहे या सबबीवर आतली टोके वगळू नका. जागा खरोखरच नसेल, तर दुसरा थर शोधा.