फ्रान्सच्या खेड्यांतून सायकल: शांत रस्त्यावर जाताना या चुका टाळा

नकाशावर रस्त्याच्या नंबराआधी ‘डी’ दिसला की तो रस्ता शांत असणार, असं धरून चालू नका. फ्रान्समध्ये सायकल घेऊन गेलेल्यांची पहिली फसगत इथेच होते. डी म्हणजे देपार्तमाँचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा रस्ता. पण २००६ मध्ये सरकारनं हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय महामार्ग देपार्तमाँकडे सोपवले. नंबर बदलले, ट्रक मात्र तेच राहिले. नैर्ऋत्येकडच्या लोत देपार्तमाँमध्ये काओर गावातून जाणारा डी ८२० हा पूर्वीचा एन २०, पॅरिसहून स्पेनच्या सरहद्दीकडे जाणारा जुना महामार्ग. आणि तिथून दीड-दोन तासांच्या सायकलीवर सेले नदीच्या काठानं जाणारा डी ४१. तोही डीच. एका बाजूला चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला नदी आणि अक्रोडाची झाडं. दोघांच्या नावातलं अक्षर एक, बाकी काहीच एक नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणारी मंडळी. पुणे, मुंबई, नाशिकचे बरेच रायडर आता पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या राइडसाठी तिकडे जातात. ती दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये असते, पुढची २०२७ ला. त्यातले काही जण आठवडाभर मागे राहून निवांत फिरायचं ठरवतात आणि त्या आठवड्यात नको तिथे अडकतात. मी खाली बहुतेक लोतचीच उदाहरणं देतोय, कारण तो भाग मला जवळून माहीत आहे आणि मनापासून आवडतो.

नकाशा रंगानं वाचा

मिशेलिनचा कागदी नकाशा घ्या. १:२,००,०००चा प्रादेशिक चालतो, १:१,५०,०००चा असेल तर आणखी चांगलं. लाल रस्ते सोडून द्या. पिवळे जपून वापरा, आणि जिथे जमेल तिथे पांढरे धरा. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य, पण हिरवी रेघ म्हणजे शांतता नव्हे. वेझेर नदीकाठचा डी ७०६ अतिशय देखणा आहे, पण गुहाचित्रं बघायला येणाऱ्या गाड्यांची उन्हाळ्यात तिथे रांग असते. रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा दिसतील, त्या चढाच्या. एक खूण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर. टोक चढाच्या दिशेला असतं. आदल्या रात्री या खुणा मोजायची सवय लावा.

ॲपवर एकट्यावर विसंबू नका. ते जवळचा रस्ता शोधतं, आणि मग एक तर तुम्हाला मोठ्या रस्त्यावर टाकतं किंवा शेतातल्या खडीच्या वाटेवर. ॲपनं काढलेला मार्ग कागदावर ताडून बघा. रस्त्याचे नंबरही पाठ करत बसू नका, कारण देपार्तमाँची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा नंबर बदलू शकतो. गावांची नावं लिहा. मी दिवसभराच्या गावांची चिठ्ठी सायकलच्या वरच्या दांड्यावर पारदर्शक चिकटपट्टीनं लावतो: काब्रेरे, सोलियाक, मार्सियाक, एस्पान्याक. फोन बंद पडला तरी ही चिठ्ठी वाट दाखवते.

‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद. ‘देव्हियासिओं’चे, म्हणजे पर्यायी रस्त्याचे, बाण गाड्यांसाठी असतात आणि हटकून मोठ्या रस्त्यावर नेतात. आधी गावात कुणाला तरी विचारा. नुसतं डांबरीकरण चालू असेल तर कामगार बहुतेक वेळा सायकल हातात धरून जाऊ देतात. पूलच काढलेला असेल तर मात्र वळसा घ्यावाच लागतो.

किलोमीटर आपल्या हायवेचे धरू नका

पांढरे रस्ते सरळ जात नाहीत. एका खोऱ्यातून वर चढायचं, पठार ओलांडायचं, पुढच्या खोऱ्यात उतरायचं. सेलेच्या काठावरून वर पठारावर यायचं तर दोनेकशे मीटरचा चढ. एकदाच असेल तर काहीच नाही, पण दिवसातून चार-पाच वेळा आला की मांड्या बोलायला लागतात. सातारा रोडवर दिवसाला १५० किलोमीटर सहज करणाऱ्यानं इथे सामानासकट ८०च धरावेत. त्यातच मजा येते.

पाणी आणि पाव

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. रस्ता शांत आहे याचा अर्थ तिथे माणसं कमी आहेत, आणि माणसं कमी म्हणजे दुकानंही नाहीत. दर पाच किलोमीटरला चहाची टपरी असणाऱ्या मुलखातून आलेल्या आपल्या लोकांना हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस वाईट जातात.

लोतमधल्या चुनखडीच्या पठाराला कोस म्हणतात. पडलेला पाऊस भेगांतून थेट खाली जातो. पादिराकला ७५ मीटर खोल विवर आहे आणि त्याच्या पोटातून नदी वाहते, पण वर जमिनीवर ओढासुद्धा नाही. खुरटे ओक, दगडी गडगे आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी कडी असलेल्या पांढऱ्या मेंढ्या, एवढंच. पठारावर चढण्याआधी दोन्ही बाटल्या भरलेल्याच हव्यात.

पाणी संपलंच तर गावाबाहेरची दफनभूमी शोधा. कबरींवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतो, बहुतेक फाटकाच्या जवळच, बाजूला झाऱ्या टांगलेल्या. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका, तोंड-मान धुवा आणि पुढे चला. पाटी नसेल तरी शंका आली तर जवळच्या घरी विचारा. सायकल बाहेर ठेवा, आवाज कमी ठेवा, निघताना फाटक लावून घ्या. कुणाची तरी माणसं तिथे आहेत.

पावाचं गणित वेगळं. खेड्यातली दुकानं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात, ती अडीच-तीनशिवाय उघडत नाहीत. रविवारी दुपारनंतर काही मिळेल ही आशा सोडा. बऱ्याच ठिकाणी सोमवारीही बेकरी बंद, आणि ऑगस्टमध्ये मालक पंधरा-वीस दिवसांच्या सुट्टीवर. एका सोमवारी मी तीन गावांतल्या तीन बंद दारांवर तीच पाटी वाचली आणि खिशातल्या दोन चिक्क्यांवर ४० किलोमीटर काढले. आता शनिवारी-रविवारी सकाळीच पुढच्या दोन दिवसांचं घेऊन ठेवतो. रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं छोटं चपटं चीज आणि पाव यावर दिवस छान निघतो. हॉटेलात जेवायचं असेल तर बारा ते दीडच्या आत पोचा. दोन वाजता गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, आणि विनवण्या करून ते उघडत नाही.

डावा ब्रेक

भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकलसारखाच. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला. आमच्यातला एक जण कोसवरून उतरताना वळणावर मागचा समजून डावा ब्रेक दाबून बसला. मागचं चाक उचललं गेलं आणि तो हँडलवरून पुढे गेला. कोपर सोलवटलं, मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. सायकल ताब्यात घेतली की दहा मिनिटं दुकानासमोरच चालवा, नुसते ब्रेक मारत. डाव्या लिव्हरला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावा.

उजवीकडून चालायचं हे सगळ्यांना माहीत असतं. गर्दीच्या रस्त्यावर चूक होतही नाही, कारण समोरची गाडी आठवण करून देते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. फोटो काढला, पाणी प्यायलो, सायकलवर बसलो आणि सवयीनं डावीकडून निघालो. पुढच्या वळणापर्यंत कुणी भेटतच नाही. उपाय सोपा आहे: थांबताना सायकल कायम उजव्या कडेलाच लावायची, तोंड जायच्या दिशेला.

खडी आणि उजवीकडचा अग्रक्रम

उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर डांबर शिंपडून वर बारीक खडी टाकतात आणि गाड्यांच्या चाकांनीच ती दबू देतात. पाटीवर ‘ग्राव्हियों’ लिहिलेलं असतं. चाकांच्या दोन पट्ट्यांत खडी बसलेली असते, पण मध्ये आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला सुटी साठते. उतारावर ही पाटी दिसली तर वळणाच्या आधीच वेग कमी करा, चाकाच्या पट्टीत राहा, वळणात ब्रेक लावू नका. २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर असतील तर निभावतं, २३वर फार जपून.

गावात शिरताना दुसरी गोष्ट. वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग ती गल्ली कितीही अरुंद असो. तिथून निघणारी आजीबाईंची जुनी गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, कारण कायद्यानं थांबायचं तुम्हाला आहे. पिवळा चौकोन पांढऱ्या कडेसह उभा दिसला तर तुमच्या रस्त्याला अग्रक्रम, त्यावर काळी रेघ आली की तो संपला.

रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर परावर्तक जॅकेट सक्तीचं आहे. कानात इअरफोन घालायला २०१५ पासून बंदी आहे, १३५ युरो दंड होतो. गाड्यांनी गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि खेड्यातले बहुसंख्य लोक ते पाळतात. मागे गाडी दिसली तर तुम्हीही एका ओळीत या.

वेळ

मे-जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. सप्टेंबरमध्येच शिकारीचा हंगाम सुरू होतो. जंगलाच्या कडेला ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर डांबर सोडून आत शिरू नका आणि भडक रंगाचे कपडे घाला. ऱ्होन खोऱ्यात जाणार असाल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे चला, मिस्त्राल वारा त्याच दिशेला वाहतो. उलट निघालेल्यांना मी १२च्या स्पीडनं सपाटीवर झगडताना पाहिलंय.

आणि दिवसातली वेळ. कडक ऊन नसेल तेव्हा अकराच्या सुमारास खाऊन घ्या आणि बारा ते दोन चालवा. त्या दोन तासांत सगळा देश जेवायला बसलेला असतो. एरवी गाड्या असणारे पिवळे रस्तेसुद्धा तेव्हा रिकामे होतात, त्यामुळे दोन पांढऱ्या रस्त्यांना जोडणारा मोठ्या रस्त्याचा नाइलाजाचा तुकडा याच वेळेला ठेवायचा.