रममध्ये चहा घालताय? मग या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्ये हल्ली प्रत्येक पार्टीत एक जण असतोच, रील बघून आलेला, जो जाहीर करतो की आज मी चहावालं रम कॉकटेल बनवणार. मग अर्धा तास किचनमधून अमृततुल्यचा वास येतो, आणि ग्लासात जे पडतं त्याचे दोन घोट घेऊन लोक गुपचूप रम-कोककडे वळतात. बिचाऱ्या रमचा काही दोष नसतो, घोळ कायम चहाचाच असतो. तेच तेच सांगून कंटाळलोय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे चहा घरच्यासारखा खदखदा उकळणं. आपल्या पातेल्यातल्या चहाला ते चालतं कारण त्यात दूध पडतं, आणि दुधातलं प्रोटीन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं. इथे दूध नाही, म्हणजे सगळा तुरटपणा थेट जिभेवर. त्यात आपल्या डब्यातली पावडर सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून केलेला दाणेदार चहा, ती बनवलेलीच असते पटकन रंग आणि कडकपणा सुटावा म्हणून. कॉकटेलसाठी लांब पानांचा चहा आणा, महागडा दार्जिलिंग नको, रमपुढे त्याचा नाजूकपणा कुठल्या कुठे जातो. साधा आसाम चालतो, पण माझी पसंती निलगिरीला, कारण तो थंड झाल्यावर फारसा गढूळ होत नाही. २०० मिली पाण्याला दोन चमचे पानं, पाणी उकळलं की गॅस बंद, मग पानं टाकून झाकण, चार मिनिटं आणि गाळायचं. गाळणीत चमच्याने दाबून दाबून शेवटचा थेंब काढायचा नाही!! टी बॅग वापरत असाल तर तीही पिळायची नाही.

चहा कडक हवा असेल तर पानं वाढवा, मिनिटं वाढवू नका. हे वाक्य मी किती जणांना सांगितलंय त्याला हिशोब नाही, तरी लोक दहा मिनिटं ठेवतात आणि मग साखर ओततात.

आता दुसरी चूक, जिने एका मित्राचा थर्टी फर्स्ट जवळजवळ घालवला होता. कोलशेतला राहतो, माणूस उत्साही. त्याला कुणीतरी सांगितलं की चहा वेगळा बनवायची गरजच नाही, पानं थेट रममध्ये भिजवायची. हे खरंय, पद्धत चांगली आहे, वासही छान उतरतो. पण याने काय केलं तर पूर्ण खंब्यात (७५० मिलीच्या बाटलीत) घरातली सीटीसी न मोजता-मापता ओतली आणि रात्रभर ठेवून दिली, का तर "जितका जास्त वेळ तितका जास्त फ्लेवर". अरे लोणचं आहे का ते? दारू थंड असली तरी चहातला कडवटपणा भराभर ओढून घेते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोचलो तर बाटलीत काळंकुट्ट पाणी, आणि चव अशी की नुसता कात चावतोय. त्याआधी त्यात मध घालून झाला होता, एकाने कोला सुचवला होता, आणि एक महाभाग म्हणत होता अजून एक बाटली आणून मिक्स करू.

शेवटी त्याच्या फ्रिजमधलं दूध कामाला आलं. मोठ्या पातेल्यात पाव लिटर दूध घेतलं, त्यात ती रम हळूहळू ओतली (रम दुधात, दूध रममध्ये नाही, हा क्रम महत्त्वाचा), मग एका लिंबाचा रस. दूध फाटतं आणि फाटताना तो सगळा तुरटपणा चोथ्याला चिकटून बाहेर येतो. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं, पहिला गढूळ भाग परत त्याच चोथ्यावरून. धीर लागतो, दर दोन मिनिटांनी फडकं पिळायला येणाऱ्यांना हॉलमध्ये बसवा. रंग थोडा कमी झाला, पण प्यायला एकदम मऊ लागत होती. अशी रम फ्रिजमध्येच ठेवायची आणि आठवड्यात संपवायची.

मुळात ही वेळच येऊ नये म्हणून: २५० मिली रमला एक मोठा चमचा लांब पानं, आणि दर पंधरा मिनिटांनी चव. तासाभरात काम होतं. चव "अजून थोडी हवी" वाटली की तिथेच गाळायची.

गरम चहा थेट बर्फावर ओतू नका, अर्धा बर्फ वितळून सगळं पाणचट होतं. आधी बाहेर थंड होऊ द्या, मग फ्रिज. फ्रिजमध्ये गढूळ झाला तर घाबरून फेकू नका, कडक चहा गार झाला की असा होतो, खराब झालेला नसतो, किंचित कोमट केला की परत साफ.

साखर दाणेदार टाकली तर ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट सरबत होतो. समान साखर-पाण्याचा पाक करून ठेवा. ओल्ड मंकसारखी काळी रम असेल तर मी गुळाचा पाक घेतो, रमसुद्धा शेवटी उसाच्या मळीचीच, जमतं मस्त.

प्रमाण: ६० मिली रम, ९० मिली गार चहा, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक. लिंबू ताजं कागदी, बाटलीतलं नाही, आणि सालीसकट चुरगाळून पिळायचं नाही. लिंबू पडलं की चहाचा रंग फिका होतो, चहा कमी पडला असं समजून अजून ओतू नका.

दुधाच्या कटिंगमध्ये रम आणि वर लिंबू घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

चहा मसाल्याची पूड नको, खाली गाळ बसतो. वेलची ठेचून किंवा गवती चहाची दोन पाती उकळत्या पाण्यात, बास. बर्फ ज्या फ्रीजरमध्ये सुरमई ठेवलीय तिथला नको, हे सांगावं लागतं यातच सगळं आलं.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली घ्या, दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा.

आणि हो, उरलेली चहा-रम पाण्याच्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवू नका, दिसते अगदी आइस टी. मोठ्या अक्षरात लेबल लावा आणि मागच्या कप्प्यात ठेवा, विशेषतः घरात पोरं असतील किंवा गावाहून सासूबाई आल्या असतील तर.