पाडव्याची गुढी आणि महिनाभराचा संकल्प

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढीसमोर हात जोडताना बहुतेकांच्या मनात नव्या वर्षाचा काहीतरी बेत असतो. कुणाला पहाटे उठायचे असते, कुणाला साखर कमी करायची असते, कुणाला पगारातले चार पैसे बाजूला टाकायचे असतात. यातले बरेचसे बेत रामनवमीपर्यंतही तग धरत नाहीत, आणि मग माणूस स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देत बसतो. अनुभवाने माझे मत वेगळे झाले आहे. गुढीसाठी आपण आदल्या दिवशी काठी धुतो, वस्त्राची घडी काढून ठेवतो, कडुलिंबाचा डहाळा आणतो, तांब्या घासून लख्ख करतो. संकल्पासाठी मात्र आपण आदल्या दिवशी काहीच काढून ठेवत नाही. कमी पडते ती तयारी. म्हणून सण आणि संकल्प या दोहोंची तयारी एकत्र कशी करावी, हे येथे क्रमाने सांगत आहे.

आधी मुदत ठरवावी. वर्षभराचा संकल्प करू नये. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा करावा. हे दोन्ही दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी आहेत आणि त्यांच्यामध्ये ३१-३२ दिवसांचे अंतर असते. उदाहरणार्थ, २०२६ साली पाडवा, म्हणजे शके १९४८चा पहिला दिवस, १९ मार्चला आणि अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आली. याच काळात चैत्रगौर घरात बसलेली असते, हळदीकुंकवाची ये-जा असते आणि घर एरवीपेक्षा अधिक जागे असते. नवी सवय लावायला एवढा अनुकूल महिना वर्षात दुसरा नाही.

आदल्या दिवशीची तयारी सावकाश करावी. वेळूची काठी सदनिकेच्या खिडकीसाठी पाच-सहा फुटांची पुरते. अंगण किंवा गच्ची असेल तर अधिक उंच घ्यावी. काठी धुऊन पूर्ण वाळू द्यावी. कडुलिंबाचा डहाळा शक्यतो फुलोऱ्यासह आणावा आणि रात्रभर पाण्यात उभा करून ठेवावा, म्हणजे सकाळी पाने मलूल दिसत नाहीत. साखरेची गाठी डब्यात घट्ट झाकून ठेवावी, कारण मुंग्यांना तिचा सुगावा फार लवकर लागतो. हे सर्व एका ताटात जमवले की त्याच ताटात एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवावी. त्या कागदाचे काम पुढे येईल.

सकाळी सूर्योदयानंतर लवकर गुढी बांधावी. जरीचे वस्त्र गुळगुळीत काठीवरून घसरते, ही नेहमीची अडचण आहे. म्हणून काठीच्या टोकाशी आधी सुती कापडाची पट्टी दोन-तीन वेढे देऊन गुंडाळावी आणि तिच्यावर निऱ्या घातलेले वस्त्र सुतळीने आवळावे. त्याच गाठीत कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांचा हार आणि गाठी अडकवावी. नंतर पितळी, तांब्याचा किंवा चांदीचा गडू वर उपडा घालावा. तो डुगडुगत असेल तर कापडाचा आणखी एक वेढा द्यावा आणि गडूच्या गळ्याभोवती दोरा घालून तो खाली काठीला पक्का बांधावा. एके वर्षी मी हा शेवटचा दोरा बांधला नव्हता आणि दुपारच्या वाऱ्याने तांब्या तिसऱ्या मजल्यावरून खाली अंगणात पडला. सुदैवाने त्या वेळी खाली मुले नव्हती. तेव्हापासून त्या दोऱ्याशिवाय मी गुढी बाहेर काढत नाही. खिडकीच्या गजांना काठी एका ठिकाणी नव्हे, तर वर आणि खाली अशी दोन ठिकाणी बांधावी आणि आसपास विजेच्या तारा नाहीत याची खात्री करून घ्यावी. गज नसतील तर वाळू भरलेल्या जड कुंडीत काठी रोवून दारापाशी उभी करावी. परदेशात वेळू आणि कडुलिंब मिळत नसेल, तर हातभर काठीची लहान गुढी देवघराजवळ मांडावी. तेवढ्यानेही तो दिवस साजरा होतो.

पूजा झाल्यावर कडुलिंबाची चटणी करावी. चार-पाच जणांसाठी आठ-दहा कोवळी पाने आणि थोडी फुले, तीन-चार तास भिजवलेली दोन चमचे हरभऱ्याची डाळ, एक चमचा चिरलेला गूळ, चिंचेचा छोटा तुकडा, चिमूट-चिमूट ओवा, जिरे, हिंग आणि मीठ हे सर्व एकत्र भरड वाटावे. गर्भवती स्त्रियांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी कडुलिंब खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मुलांना हरभऱ्याच्या दाण्याएवढी चटणी पुरे. जबरदस्तीने घास भरवला की पुढच्या वर्षी ती पाडव्याच्या सकाळी ताटापासून दूर पळतात. आमच्याकडे श्रीखंड, बासुंदी काहीही असो, ही चटणी जिभेला लागल्याशिवाय गोडाचे पहिले पातेले उघडत नाहीत. सकाळचे अवघड काम चहा आणि वर्तमानपत्राच्या आधी उरकण्याची माझी सवय या चटणीपासूनच लागली आहे.

आता त्या कागदाकडे वळू. पंचांग वाचून झाल्यावर, घरात पंचांग वाचण्याची रीत नसेल तर चटणी खाऊन झाल्यावर, कागदावर एकच वाक्य लिहावे. त्या वाक्यात तीन गोष्टी असाव्यात: काय करणार, किती करणार आणि कशानंतर करणार. ‘तब्येतीकडे लक्ष देईन’ या वाक्याने काहीच घडत नाही, कारण ते आज पाळले की नाही हे रात्री झोपताना सांगता येत नाही. ‘रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरली की वीस मिनिटे चालेन’ हे वाक्य पाळले की मोडले, याबद्दल शंका राहत नाही. यातला ‘कशानंतर’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. घड्याळाची वेळ चुकते, पाहुणे येतात, लोकल उशिरा पोहोचते; पण देवापुढे दिवा लावणे, तुळशीला पाणी घालणे, भांडी आवरणे, दूध तापवणे ही कामे रोज होतातच. नवी सवय अशा एखाद्या जुन्या कामाच्या पाठीला बांधावी, म्हणजे ती वेगळी आठवावी लागत नाही.

संकल्प लहान असावा, आणि किती लहान असावा हे ठरवताना आपल्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करावा. ताप नसेल पण अंग मोडून आले असेल, कार्यालयातून उशिरा घरी आलो असू, घरात कुरबूर झाली असेल, अशा दिवशीही जे होईल तेवढेच कागदावर लिहावे. दोन पाने वाचणे, दहा सूर्यनमस्कार घालणे, दिवसाचा खर्च तीन ओळींत लिहिणे, आई-वडिलांना दूरध्वनी करणे, हे प्रमाण योग्य आहे. चांगल्या दिवशी त्याहून जास्त झाले तर आनंदच आहे. परंतु जास्तीचे काम दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर जमा धरू नये.

ज्या वस्तू लागणार असतील त्या पाडव्याच्या दिवशीच जागेवर आणून ठेवाव्यात. पुस्तक उशाशी असावे, चालायच्या चपला दाराशी, खर्चाची वही आणि पेन्सिल ओट्याजवळच्या फळीवर. माझ्या आईची खर्चाची वही डाळीच्या डब्याखाली दाबून ठेवलेली असे आणि तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली असे. भाजीवाल्याला पैसे देऊन ती आत आली की पिशवी रिकामी करण्याआधी आकडा लिहून टाकी. ती पेन्सिल बांधलेली नसती, तर ती वही चार दिवसांत बंद पडली असती असे मला आजही वाटते.

हिशेब ठेवायला मोबाइलपेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका मला अधिक भरवशाची वाटते. १९७३ साली सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’सारखी दिनदर्शिका मराठी घरांत असतेच आणि तिच्यावर दुधाच्या, गॅसच्या, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांच्या खुणा आपण करतच असतो. त्याच चौकोनांत संकल्प पाळल्याच्या दिवशी हळद-कुंकवाचे बोट टेकवावे किंवा साधी फुली करावी. ही खूण स्वयंपाकघरातून येता-जाता सगळ्यांना दिसते, घरातले लहान मूल ‘आजची खूण राहिली’ म्हणून आठवण करून देते, आणि हे आठवण करून देणारे मूल कुठल्याही उपकरणाच्या गजरापेक्षा अधिक नेटाने मागे लागते.

एखादा दिवस चुकेलच. चुकल्यावर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करून भरपाई करू नये, कारण दुप्पट कामाच्या धास्तीनेच तिसरा दिवसही हातचा जातो. तो चौकोन रिकामा ठेवावा, त्यात कारण एका शब्दात लिहावे आणि दुसऱ्या दिवशी ठरलेले तेवढेच करावे. सलग दोन दिवस मात्र चुकू देऊ नयेत. पहिल्या आठवड्यानंतर रिकाम्या चौकोनांतली कारणे वाचली की बऱ्याचदा एकच कारण पुन्हा पुन्हा दिसते: ‘उशीर’, ‘पाहुणे’, ‘कंटाळा’. उशीर हे कारण असेल तर संकल्प रात्रीवरून सकाळच्या कामाच्या पाठीला बांधावा. कंटाळा हे कारण असेल तर काम निम्मे करावे.

ज्यांना काय ठरवावे हे सुचत नाही, त्यांनी या महिन्यात चैत्रांगण शिकावे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात काढायची ही रांगोळी आता फार थोड्या घरांत दिसते आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. तिच्यात झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्मे, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गरुड, लक्ष्मीची पावले अशी चिन्हे असतात. सगळी एकाच दिवशी काढायला बसलात तर हात आणि धीर दोन्ही जातील. पहिल्या दिवशी फक्त स्वस्तिक काढावे, दुसऱ्या दिवशी स्वस्तिक आणि सूर्य, तिसऱ्या दिवशी त्यात चंद्राची भर, असे रोज एक चिन्ह वाढवत न्यावे. रांगोळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावी, अंगठा किंचित मागे-पुढे सरकवत ती सोडावी आणि मनगट जमिनीला टेकवू नये. सुरुवातीला रेघ कुठे जाड, कुठे तुटक येते. आठव्या-नवव्या दिवशी गोपद्माची वळणे आपोआप एकसारखी पडू लागतात. जमीन आधी ओल्या फडक्याने पुसून थोडी ओलसर असतानाच रांगोळी काढली तर ती वाऱ्याने उडत नाही.

महिन्याच्या मधोमध उत्साह ओसरतो. नेमक्या त्याच सुमारास चैत्रगौरीचे हळदीकुंकू ठेवावे. त्यासाठी मोठा घाट घालण्याची गरज नाही; भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ आणि पन्हे एवढे पुरे आहे. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पूर्ण निथळावी आणि पाणी न घालता, हिरव्या मिरच्यांसह जाडसर वाटावी. बारीक वाटली तर तिचा गोळा होतो आणि गंमत जाते. त्यात अर्धी ते पाऊण वाटी किसलेली कैरी, मीठ, चवीपुरती साखर, खोबरे आणि कोथिंबीर मिसळावी. तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि हळद घालून केलेली फोडणी गार होऊ द्यावी आणि मगच वरून घालावी. कैरी किती आंबट आहे हे चाखून प्रमाण ठरवावे, कारण चैत्राच्या सुरुवातीची कैरी आणि शेवटाची कैरी यांच्या आंबटपणात बराच फरक असतो.

आलेल्यांपैकी एखाद्या जवळच्या मैत्रिणीला, जावेला किंवा शेजारच्या काकूंना आपला संकल्प या दिवशी सांगावा. सर्वांना सांगू नये. जी व्यक्ती पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटली असता ‘काय गं, चालणं सुरू आहे ना?’ असे आपुलकीने विचारील आणि ‘नाही’ म्हटले तरी टोमणा मारणार नाही, तिलाच सांगावे. मी एकदा रोजच्या वाचनाचा संकल्प शेजारच्या काकूंना सांगितला होता. त्या दर दोन-तीन दिवसांनी ‘आज काय वाचलेस?’ म्हणून विचारीत आणि मी सांगितलेले ऐकायला दोन मिनिटे पायरीवर बसत. त्या वर्षी माझे फक्त तीन चौकोन रिकामे राहिले.

अक्षय्य तृतीयेला गौरीचा निरोप झाला की संध्याकाळी दिनदर्शिका खाली काढून खुणा मोजाव्यात. पंचवीसच्या वर खुणा असतील तर तोच संकल्प, प्रमाण न वाढवता, वटपौर्णिमेपर्यंत चालू ठेवावा. वाढवायचे असेल तर त्यानंतर वाढवावे. पंधरा ते पंचवीस असतील तर काम तेच ठेवून ते ज्याच्या पाठीला बांधले आहे ते बदलून पाहावे. पंधरापेक्षा कमी असतील तर तो संकल्प आपला नव्हता, दुसऱ्या कुणाचे पाहून केलेला होता, असे धरून चालावे आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर वेगळे वाक्य लिहावे. पाडव्याचा तो कागद फाडू नये. मागच्या बाजूला खुणांची संख्या आणि रिकाम्या चौकोनांतली कारणे लिहावीत, काठीची सुती पट्टी आणि गडूचा दोरा त्याच कागदात गुंडाळून काठीला बांधावे आणि काठी पुसून माळ्यावर ठेवावी, म्हणजे पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी काठी खाली काढताना कागद आपसूक हातात येतो.