एका मराठी शब्दाला दोन इंग्रजी शब्द : या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी संध्याकाळच्या वर्गात नोकरदार माणसांना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण मराठी शाळेतून आलेले असतात. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्यांनी एबीसीडी गिरवली ती पाचवीत. नियम सगळ्यांना येतात, काळांचे तक्ते पाठ असतात. तरी वाक्य चुकतं आणि ते नेहमी त्याच त्या ठिकाणी चुकतं. तिथे हटकून असं दिसतं की मराठीतला एकच शब्द दोन कामं करतोय आणि इंग्रजीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून अडलं की आधी मनातलं मराठी वाक्य तपासा. व्याकरणाचं पुस्तक नंतर उघडा.

पर्यंत : टिल की बाय?

वर्गातल्या एका मुलाने परदेशातल्या वरिष्ठांना मेल केली, ‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे.’ उत्तर आलं, ‘अँड आफ्टर फ्रायडे?’ तो फोन हातात धरूनच वर्गात आला. चूक कुठे झाली ते त्याला खरंच दिसत नव्हतं, कारण मनातलं वाक्य चोख होतं : शुक्रवारपर्यंत फाइल पाठवतो.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘शुक्रवारपर्यंत थांब.’ ‘शुक्रवारपर्यंत पैसे दे.’ थांबणं शुक्रवार येईतो चालूच राहतं. पैसे एकदाच द्यायचेत आणि शुक्रवार ही त्याची मुदत आहे. चालू राहणाऱ्या गोष्टीला टिल लागतो, मुदतीला बाय. त्या मुलाची मेल वाचणाऱ्याला वाटलं, हा शुक्रवार येईपर्यंत फाइल पाठवतच राहणार.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पैसे दे’ कानाला बरोबर लागतं, म्हणजे तिथे बाय. ‘शुक्रवारच्या आत थांब’ खटकतं, म्हणजे टिल. एवढं मात्र लक्षात असू द्या की बाय फ्रायडे म्हटलं की शुक्रवारचा दिवसही मुदतीत धरला जातो.

याच ‘पर्यंत’मुळे आणखी एक चूक होते. आपण म्हणतो, ‘तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही.’ मराठीत तो ‘नाही’ हवाच. तोच उचलून ‘टिल ही डझन्ट कम’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत टिलच्या पुढे नकार नको : ‘आय वोन्ट ईट टिल ही कम्स.’ आणि अंतरासाठीही टिल नको. स्टेशनपर्यंत सोडायला येणारा माणूस ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन’ येतो.

पासून : सिन्स की फॉर?

‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ ही वाक्यं मराठीत एकाच साच्यातली आहेत. इंग्रजीत कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येते ती सुरुवात सिन्सची : सिन्स मंडे, सिन्स २०१९. बोटांवर मोजता येतो तो कालावधी फॉरचा : फॉर थ्री डेज, फॉर टेन इयर्स. ‘सिन्स थ्री डेज’ हे भारतात सर्रास ऐकू येतं, तरी ते चूकच.

खरी अडचण पुढे आहे, क्रियापदात. मराठीत ताप ‘आहे’, म्हणून आपण ‘शी इज हॅविंग फीवर’ म्हणतो. माझ्याकडे एक नर्स येत असे. परदेशी नोकरीच्या परीक्षेसाठी ती पाळी बदलताना द्यायच्या नोंदी लिहून सराव करी. तिची तीन वाक्यं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली :

शी इज हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज.
शी हॅड फीवर फॉर थ्री डेज.
शी हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज.

पहिलं चूक, पण अर्थ कळतो. दुसरं व्याकरणाने निर्दोष आहे आणि तिथेच धोका आहे, कारण त्याचा अर्थ तीन दिवस ताप होता, आता नाही. ताप अजून अंगात आहे हे फक्त तिसरं सांगतं. बराच वेळ ती फळ्याकडे बघत राहिली. मग वहीत तिने हॅज या शब्दाभोवती गोल काढला. सुरू होऊन अजून चालू असलेल्या कुठल्याही गोष्टीला, मग ते दुखणं असो, नोकरी असो की एका गावातलं राहणं, हॅज किंवा हॅव हवंच.

च आणि पण

मराठी माणसाचं इंग्रजी या दोन अक्षरांवरून लगेच ओळखू येतं. ‘मी आजच येतो’ म्हणताना आपण ‘टुडे ओन्ली’ म्हणतो. दुकानाच्या पाटीवर टुडे ओन्ली लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ ‘सवलत फक्त आज, उद्या नाही’ असा असतो. आपल्या ‘च’मध्ये जोर आहे, ओन्लीमध्ये मर्यादा आहे. इंग्रजीत जोर बहुतेक वेळा आवाजाने दिला जातो. लिहिताना ‘आय विल कम टुडे’ एवढं पुरतं. ‘तो तिथेच आहे’ याला ‘ही इज स्टिल देअर’ किंवा ‘राइट देअर’, जो अर्थ असेल तो.

‘मलापण माहीत आहे’ याचं ‘इव्हन आय नो धिस’ होतं. याचा इंग्रजीत अर्थ : माझ्यासारख्या अडाण्यालासुद्धा माहीत आहे. मुलाखतीत हे तुम्हाला म्हणायचं नसतं. ‘आय नो धिस टू’ म्हणा.

शंका आणि कचेरीतले शब्द

शिक्षकाला शंका विचारतात आणि माणसाच्या हेतूबद्दलही शंका घेतात. इंग्रजी डाउटमध्ये फक्त दुसरी शंका आहे, म्हणजे विश्वास डळमळणं. भारताबाहेर बैठकीत ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलंत तर समोरच्याला वाटेल, यांना माझं म्हणणं पटलेलं नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. उत्तर देण्यासाठी साधा रिप्लाय आहे. ‘पास्ड आउट इन २०१५’ हे बाहेर अनेकांना ‘बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं, तिथे ग्रॅज्युएटेड लिहा. प्रीपोनला मात्र मी चूक मानत नाही. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून त्याची नोंद आहे, आणि तो नेमका शब्द आहे. आपसांत खुशाल वापरा. परदेशी माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरा, कारण अनेकांनी प्रीपोन ऐकलेलाच नसतो.

विभक्तीमुळे होणाऱ्या चुका

या पटकन सुधारतात. ‘विषयी चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं, अबाउट काढा. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’ होतं, तिथे टू. ‘मला समजाव’ म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ होतं, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ हवं. आज सकाळी म्हणजे धिस मॉर्निंग, काल रात्री म्हणजे लास्ट नाइट. टुडे मॉर्निंग आणि येस्टरडे नाइट सोडून द्या.

अ की अ‍ॅन? देवनागरीत लिहून बघा

यात मराठी माणसाला एक मोठी सोय आहे आणि ती शाळेत कुणी सांगत नाही. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही, आणि आपली लिपी उच्चार दाखवते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर अ‍ॅन, व्यंजन असेल तर अ. अवर, ऑनेस्ट : स्वर, म्हणून अ‍ॅन अवर, अ‍ॅन ऑनेस्ट मॅन. युनिव्हर्सिटी, वन-वे रोड : य आणि व, म्हणून अ. एमबीए ए-ने सुरू होतं, म्हणून अ‍ॅन एमबीए, पण अ मास्टर्स डिग्री.

एका शब्दावर मात्र ही युक्ती फसते. वर्ष आणि कान या दोघांनाही आपण मराठीत ‘इयर’च लिहितो आणि बोलतानाही फरक करत नाही. कानाचा इयर इ-ने सुरू होतो, म्हणून अ‍ॅन इयर. वर्षाच्या सुरुवातीला मात्र य आहे, ‘यिअर’. आधी ‘येस’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि त्याच जागेवरून ‘यिअर’ म्हणा. तो य कानाला ऐकू आला की ‘अ यिअर’ आपोआप तोंडात बसतं.